दिवस बुडायच्या आतला केक

आमच्या बिल्डिंगमध्ये वाढदिवसाचा केक उन्हात कापतात. बाकीच्या जगात दिवे मालवून मेणबत्त्या लावतात. आमच्याकडं मेणबत्ती पेटलीय की विझलीय हे कळायला तिच्यावर हात धरून बघावा लागतो. याला कारण तळमजल्यावरचे बापू.

बापू साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. मिशा पांढऱ्या झाल्या, पण आवाज अजून उसाच्या ट्रॅक्टरवर मात करणारा. कुणाच्या दारात फुगे दिसले की दुपारपासूनच ते जिन्यात घिरट्या घालायला लागतात. "केक आला का? अंडं न्हाय न्हवं त्यात? तोंडानं इच्यारलंसा, का नुसता बोर्ड वाचून आलासा?" ऊन कललं की अंगणात उभं राहून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडं बघत बसतात. ऊन टाकीच्या झाकणावर चढलं की जीव खालीवर व्हायला लागतो. "कापा की वो! दिवस बुडाला की केक बुडाला!" मग पाहुणे येवोत न येवोत, ज्याचा वाढदिवस तो अंघोळीला गेलेला असो, केक कापावाच लागतो. "गानं मागनं म्हना! गानं काय बुडून जातंय व्हय?"

आम्ही साताऱ्याहून इथं आलो त्याला चार वर्षं झाली, पण बापूंच्या लेखी मी अजून 'पावणं'च. अंडं चालत नाही, दिवस बुडायच्या आत खायचं, म्हणजे बापू जैन, असा शोध मी पहिल्याच महिन्यात लावला. बायको, शुभा, म्हणाली, "अरे, विचार तरी." पण विचारायचं असतं तर शोध कशाला लावायचा? वर्षभर रोज सकाळी मी हात जोडून त्यांना 'जय जिनेंद्र' म्हणत राहिलो, आणि तेही दणक्यात 'जय जिनेंद्र, पावणं!' म्हणत राहिले.

मग एकदा जवळच्या गडमुडशिंगी गावात ऑफिसातल्या एकाच्या घरी मटणाच्या जेवणाला गेलो. पंगतीत समोर बघतो तर बापू. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावलेली, दुसरी भरून बाजूला ठेवलेली.

"या पावणं! नळी घ्या की!"

मी घास परत ताटात ठेवला. "बापू, तुम्ही जैन ना?"

"कुनी सांगितलं?"

"मग ते रोज... जय जिनेंद्र?"

"देवाचं नाव घेत हुतासा. न्हाय कसं म्हनायचं?"

दुसऱ्या दिवशी बापूंच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, शुभाला खरा प्रकार सांगितला. जैन बापू नव्हेत, आण्णा. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, शिडशिडीत, अबोल आण्णा.

हे दोघं एका काट्यावर नोकरीला. क्वार्टर्सही भिंतीला भिंत लागून. आण्णा मूळचे निपाणीकडचे. बापूंना 'तम्मा' म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. आण्णांच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला बापूंनी मोठ्या हौसेनं शहरातून केक नेला. त्या काळी बिनअंड्याचा केक सहसा मिळायचा नाही, आणि केकात अंडं असतं हेच मुळी बापूंना ठाऊक नव्हतं. आण्णांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला, तेवढ्यात पंगतीतलं कुणीतरी अंड्याचं बोललं. आण्णा ताटावरून उठले. त्यांनी उपास केले, प्रायश्चित्त घेतलं आणि बापूंशी बोलणं सोडलं. मुलगा मोठा होऊन बेंगळूरला गेला, तरी बोलणं बंद ते बंदच. या बिल्डिंगमधले फ्लॅट मात्र दोघांनी भांडणाआधी मिळून बुक केले होते. ते काही कुणी रद्द केले नाहीत.

दोघं इथं राहायला आल्यापासून आमच्याकडच्या कुठल्याही केकचा पहिला तुकडा स्टीलच्या एका छोट्या डब्यात दुसऱ्या मजल्यावर जातो. ज्याच्या घरचा वाढदिवस त्यानं तो नेऊन द्यायचा. डबा बापूंचा. ते स्वतः पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत सोबत येतात आणि तिथं थांबतात, हद्दीचा दगड लागल्यासारखे. दुसऱ्या दिवशी डबा परत येतो. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून आण्णा त्यात काहीतरी घालतात. बापू ते तारेसारखं वाचतात. "शेंगदाणं हायती. म्हंजे मंडईत जाऊन आलाय. गुडघं बरं हायती." साखर आली तर चिंता. "घरातलीच साखर घातलीया. भायेर पडला न्हाय वाटतं." डबा येईपर्यंत त्यांना जेवण जात नाही.

इथंही मी माती खाल्ली होती. आमच्या पहिल्या वर्षी आण्णांनी परत दिलेला डबा मी ओट्यावर ठेवला आणि विसरलो. बापू येऊन विचारायचे, "आला का?" मी म्हणायचो, "कसला?" तिसऱ्या दिवशी त्यांनी घाबरून थेट डॉक्टरच दुसऱ्या मजल्यावर पाठवला. ठणठणीत आण्णांनी त्याला दारातूनच हाकलला. तोवर डब्यातले शेंगदाणे मी टीव्ही बघत संपवले होते.

तर, गेल्या महिन्यात आमच्या लेकीचा, सईचा वाढदिवस होता. त्याच सकाळी काकींनी बातमी आणली, आण्णा उद्या पहाटे मुलाकडं बेंगळूरला निघाले, कायमचे. बापू दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "म्हंजे ह्यो शेवटचा." आणि मग दिवसभर आमची बेल वाजवत राहिले.

केक आणायचं काम माझं. मी वेळेत गेलो, वेळेत आलो, विजयी मुद्रेनं खोका उघडला. आत लिहिलेलं होतं, 'काका-काकूंना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा'.

बापूंनी खोक्यात डोकावून बघितलं. "कुनाचा ह्यो?"

"बदललाय वाटतं."

"अंड्याचा का बिनअंड्याचा?"

"कसं कळणार?"

बापूंचा चेहरा पिठासारखा झाला. "पावणं, गाडी काडा."

मी स्कूटर चालवतोय, मागं बापू, मांडीवर काका-काकूंचा केक, आणि मान मावळतीकडं वळलेली. "दाबा की! ... हळू, हळू, खड्डा! ... अवो दाबा!" सिग्नलला त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं, "दिवस किती हाय वो अजून?" तो म्हणाला, "कुठं दूर जायचंय?" बापू म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर."

केक बदलला. बापूंनी बेकरीवाल्याला देवाची शपथ घालून अंडं नसल्याची खात्री करून घेतली. परत आलो तेव्हा ऊन टाकीच्या झाकणावरून निसटायच्या बेतात होतं. सईनं मेणबत्तीशिवाय केक कापला. शुभानं तुकडा डब्यात घातला आणि मी पळालो. मागोमाग बापू.

पहिल्या मजल्याच्या वळणावर माझा पाय मुरगळला. मी जिन्यात बसकण मारली, पण डबा तेवढा वर धरला होता. आयुष्यात एकदा तरी वेळेवर सुचलं. "बापू, मेलो!"

बापूंनी माझ्या पायाकडं बघितलंही नाही. ते जिन्याच्या खिडकीतून टाकीकडं बघत होते. मग वरच्या पायऱ्यांकडं. मग डब्याकडं. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि हद्दीच्या पलीकडं पाऊल टाकलं.

वर बेल वाजली. दार उघडलं. मी घोटा धरून कान वर लावून बसलो.

"अंडं न्हाय," बापू म्हणाले.

"म्हाईत हाय."

"दिवस हाय अजून."

"दिसतंय की मला. आंधळा झालो न्हाय."

डब्याचं झाकण वाजलं. आण्णा खात असावेत. जिन्यातलं ऊन भिंतीवर पार वर सरकलं होतं, नुसती एक तांबूस पट्टी उरली होती.

"बरा हाय," आण्णा म्हणाले. आणि जरा थांबून, "त्येच्यावानी न्हाय."

"कुनाच्या?"

"तू आनलातास त्यो. पोराच्या वाढदिसाला."

"आण्णा, म्या खरंच जानून न्हाय—"

"गप. तिसरा तुकडा मागितला हुता म्या. आठवतंय का? त्येचा राग. तू फकस्त म्होरं हुतास, तम्मा."

एवढा मोठा आवाज असलेला माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "डबा दे. जातो."

"डबा कसा देऊ? समदं बांधलंय. घालायला साखरबी न्हाय घरात."

बापू रिकाम्या हातानं खाली आले. वळणावर मी तसाच बसलेलो. "हितं काय करताय, पावणं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला धरून एकेक पायरी उतरत गेले.

आण्णा गेले. दुसऱ्या मजल्याला कुलूप आहे. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा वाढदिवस होता, केक अंगणात मांडला होता. बापू हजर. मी अजून जरा लंगडतोय, म्हणून बोलायची हिंमत केली. "बापू, आता कशाला घाई? पोरं जरा अंधारात मेणबत्त्या लावू देत की."

त्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं.

"आमचा डबा हाय त्येच्याकडं, पावणं. लोकाचा डबा कोन ठिवून घेतंय व्हय? येनार की घिऊन. आनि त्यो आल्यावर तुमास्नी पुन्हा सवय लावत बसू काय मी?"

टाकीवर अजून भरपूर ऊन होतं. पण बापू टाकीकडं बघतच नव्हते. दुसऱ्या मजल्याच्या बंद गॅलरीकडं बघत ते ओरडले, "कापा!"