झाडे सरांचा पहिला प्रश्न

झाडे सर नमस्काराला नमस्कार करत नसत. समोरचा हात जोडून उभा असला तरी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत ते आधी विचारायचे, "जेवले काय?" मग समोर प्राचार्य असोत, बसचा कंडक्टर असो, की वर्गात उशिरा आलेली पोरगी. सुरुवातीला मला वाटलं, माणूस मायाळू दिसतो. नंतर कळलं, तो त्यांच्या संशोधनाचा प्रश्न क्रमांक एक होता.

आता मी पुण्यात असतो. इथं लिफ्टमध्ये रोज कोणी ना कोणी "काय, बरं ना?" म्हणतं आणि उत्तर यायच्या आत उतरून जातं. तेव्हा सरांची हटकून आठवण येते.

हिंगणघाटच्या एका कॉलेजात आम्ही दोघं तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे तास घेतला तरच पगार. मी मराठी शिकवायचो, ते मानसशास्त्र. वर्ध्याहून सकाळच्या एसटीनं सोबत जायचो. सर पन्नाशीला टेकलेले, घरी एकटेच. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि चार कप्प्यांचा भला मोठा डबा. एकट्या माणसाला एवढं जेवण कशाला लागतं, हे कोडं मला बरेच दिवस उलगडलं नव्हतं.

सरांना पीएच.डी. करायची होती. प्रवेश परीक्षा ते सहज पास होत आणि मुलाखतीत हमखास आपटत. तिथं विचारत, संशोधनाचा अनुभव काय? "आता तुम्हीच सांगा भाऊ," मला खिडकीशी कोंबून सर तावातावानं म्हणायचे, "अनुभव नाई म्हणून प्रवेश देत नाईत. अन् प्रवेशाबिगर अनुभव काय आभायातून पडन?" यंदा तर प्राचार्यांनी स्पष्टच बजावलं होतं, पीएच.डी.ला नाव लागलं नाही तर पुढच्या सत्रात तास नाहीत. सरांनी मग अनुभव गोळा करायचा चंगच बांधला.

विषय त्यांनी स्वतःच काढला होता : दवाखान्यात पेशंटची वाट पाहत बसलेल्या नातेवाइकांची मनःस्थिती. दर रविवारी सेवाग्रामला जायचं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या माणसांना चाळीस प्रश्न विचारायचे. एका रविवारी मीही गेलो, गंमत पाहायला.

वडनेरचा एक म्हातारा कोपऱ्यात बसला होता. बायको आत भरती. सरांनी पेन उघडलं. "बाबाजी, जेवले काय?"

"कालपासून नाई ना बाप्पा. आतून बोलावणं आलं, अन् मी हॉटेलात असलो त?"

सरांनी पेन मिटलं आणि डबा उघडला. वांग्याची भाजी, पोळ्या, ठेचा, वर कागदात बांधलेली वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. म्हातारा जेवला. जेवता जेवता बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा रांधलेल्या खारट वरणाची गोष्ट सांगू लागला, हसला, मग रडला, आणि सरांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेला.

"सर, लिहा की काहीतरी!" मी कुजबुजलो.

"उपाशी माणसाचं उत्तर धरता येत नाई भाऊ. डाटा खराब होते."

"अहो, आता तर जेवला तो!"

"आता झोपून राह्यला ना. झोपल्या सॅम्पलले उठवू काय?"

तो खांदा त्यांनी बराच वेळ हलवला नाही. आतून हाक आली तेव्हा म्हाताऱ्याला हाताला धरून तेच घेऊन गेले. बाकीचे प्रश्न शबनममध्ये तसेच परत आले. मला हसूही येत होतं आणि चीडही.

मुलाखतीला मी मुद्दाम सोबत नागपूरला गेलो. नाहीतर ते तिथल्या शिपायालाच जेवणाचं विचारत बसले असते. सर आत गेले आणि माझा चहा निवायच्या आत बाहेर आले.

"इचारलं, किती प्रश्नावल्या पूर्ण झाल्या? म्या म्हटलं, एकही नाई. मंग म्हणे, निष्कर्ष काय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, लोक उपाशी असतेत."

सगळे हसले म्हणे. मग एका मॅडमनी गोड शब्दांत सांगितलं, संशोधनाचा अनुभव वाढवा आणि पुढच्या वर्षी या.

परतीच्या रेल्वेत मी भडकलो. "घरी बसून भरून टाकायच्या होत्या ना चार-सहा! कोण पाहायला येणार होतं?"

"त्या बाबाजीच्या मनातलं म्या कसं भरू?" एवढंच बोलून सर खिडकीबाहेर पाहत राहिले. बुटीबोरी गेलं, सिंदी गेलं. आता तास नाहीत, सकाळची एसटी नाही, कोणाला काही विचारायचं निमित्त नाही, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझा राग पार उतरला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, आज सरांनी डबा आणलेलाच नव्हता.

"सर," मी म्हटलं, "जेवले काय?"

ते दचकले. दिसेल त्याला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कितीतरी वर्षांत तो कोणी विचारलेला नव्हता.

"हे उत्तर धरू नका भाऊ," ते पुटपुटले. "सकाळपासून काईच नाई."

मी माझा डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. मान खाली घालून ते सगळा डबा जेवले. मग त्यांचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं आणि त्यांना झोप लागली. वर्धा आलं. माणसं उतरली, चढली. मी काही त्यांना उठवलं नाही आणि गाडी सुटली.

पुलगावला सर जागे झाले. फलाटावर उतरून परतीच्या गाडीसाठी बाकावर टेकलो, तेव्हा त्यांनी पाटी वाचली.

"आपलं वर्धा गेलं काय?"

"गेलं, सर."

आता रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि शबनममध्ये हात घालून फुटाण्याची पुडी चाचपू लागले.

"अन् भाऊ, तुम्ही? तुम्ही जेवले काय?"