सगळ्यांच्या डोक्याची टोपी

टोपी या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. माणसाचं डोकं आणि कापड यांचं नातं मला जेवढं कळलंय तेवढं फार थोड्यांना कळलं असेल, आणि हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. लांबट डोकं आणा, चपटं आणा, मागून फुगलेलं आणा, सगळ्यांना एकाच टोपीत बसवून दाखवीन! बसवून दाखवली, म्हणून तर ही सगळी भानगड झाली.

आमचा कापडी टोप्या शिवायचा कारखाना आहे. आमचा म्हणजे सासऱ्यांचा. खाली कारखाना, वर घर आणि मधे एक कुरकुरणारा लाकडी जिना. ज्यांचे केस कामात पडू नयेत अशा सगळ्यांच्या टोप्या आम्ही शिवतो. सासऱ्यांना घरात-बाहेर सगळे मास्तर म्हणतात. कापणीचं टेबल मास्तरांचं, मोठी कात्री मास्तरांची. लग्न झाल्यापासून मी इथेच आहे, पण माझं खातं इस्त्री आणि पॅकिंग. एकदा मी ती कात्री नुसती पुसायला उचलली, तर मास्तर म्हणाले, "जावईबापू, ठेवा ती. तुमची इस्त्री गार होतेय."

त्या कात्रीसाठी माझा जीव किती तुटायचा हे बायकोलाच ठाऊक. इस्त्री करता करता मी मनातल्या मनात टोप्या कापत असे. म्हणून मोठ्या बेकरीचे मॅनेजर जेव्हा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, हीच ती वेळ.

मॅनेजर म्हणाले, "आमची माणसं खूप आहेत. एकेकाच्या डोक्याची मापं घेत बसायला मला फुरसत नाही. कोणालाही होईल अशी एकच टोपी देता का?"

"कोणालाही होते तिला टोपी म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात," मास्तर म्हणाले.

"मी करतो," मी इस्त्रीच्या टेबलावरून म्हणालो.

दोघांनी वळून पाहिलं. इस्त्रीच बोलली की काय, असे दोघांचे चेहरे झाले होते.

मी टोपी केली. उरलेल्या तुकड्यांतून केली, छोट्या कात्रीने केली, पण काय केली म्हणता! मागच्या बाजूला पट्टी फोडली, एका टोकाला बटण लावलं, दुसऱ्या टोकाला काजांची रांग केली. आतल्या काजात बटण घातलं की टोपी लहान, बाहेरच्या काजात घातलं की मोठी. आणि मास्तरांना लोंबणाऱ्या पट्ट्यांचा तिटकारा, म्हणून वर कापडाची घडी टाकून बटण आणि काजं झाकून टाकली. बाहेरून कोणाला पत्ता लागणार नाही.

मास्तरांनी टोपी उलटीपालटी करून पाहिली. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला बसवून द्या. बेकरीवाले परत येईपर्यंत मी रोज हीच घालतो. बटणाला मी हात लावणार नाही, मला त्यातलं काही बघायचंही नाही. डोक्यावर नीट राहिली, तर ही टोपी तुम्हीच कापायची. कात्री तुमची."

त्यांचं डोकं साडेबावीस इंचांचं. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण मास्तर ते अभिमानाने सांगतात. तरुणपणापासून साडेबावीस, सुताचा फरक नाही. मी बरोबर बटण लावलं. टोपी अशी बसली की मास्तरांनी आरशात पाहून नुसतं "हं" केलं. मास्तरांचं "हं" म्हणजे इतरांचा सत्कार समारंभ. संध्याकाळी त्यांनी ती जिन्याखालच्या खुंटीला अडकवली आणि मी समाधानाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी टोपी घातली आणि ती थेट भुवयांवर आली.

मास्तर टोपी मागे सारून कामाला लागले. पण खाली वाकले की टोपी पुढे, मान उचलली की मागे.  काज सैल होऊन बटण सरकलं असणार! दुपारी मास्तर आडवे झाल्यावर मी टोपी खुंटीवरून काढून आणली, बटण आतल्या काजात घातलं, सैल काजाला दोन टाके मारले आणि मुकाट्याने परत नेऊन ठेवली.

उठल्यावर मास्तरांनी टोपी घातली. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या टाळूवर बशीसारखी बसली.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "सकाळी ही मला सैल होत होती ना?"

"छे, छे. छान होती की," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर कात्री गेली असती.

 मग टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, बाजारात भोपळा बघतात तसा.

पुढच्या सकाळी टोपी आदल्या सकाळपेक्षाही मोठी. मी नवं बटण लावलं, दुपारी घट्ट केली. त्याच्या पुढच्या सकाळी टोपी इतकी लहान की मास्तरांच्या कपाळावर वळ उठला. आता मात्र माझंच डोकं चालेना. सैल काज आणखी सैल होईल, पण आपोआप घट्ट कसं होईल? कापड आटतंय म्हणावं, तर रात्रीत परत वाढतं कसं? मी टोपी भिजवून पाहिली, इस्त्री करून पाहिली, उन्हात ठेवून पाहिली. टोपी ढिम्म. मी समोर असलो की तिच्यासारखी सज्जन टोपी नाही.

"अगं, मास्तरांनी केस कापले का?" मी बायकोला विचारलं.

"कापायला आहेत कुठे?" ती म्हणाली. "अहो, तुमचं काय चाललंय हल्ली? झोपेत बटणं मोजता."

इकडे मास्तरांचं वेगळंच सुरू झालं होतं. मी एकदा खाली आलो तर ते मशीनच्या मागे बसून डोक्याभोवती टेप गुंडाळत होते. मला पाहून टेप खिशात घातली.

"किती आलं?" मी विचारलं.

"साडेबावीस."

"मग झालं तर."

"टेप कापडी आहे, जावईबापू. ओढली जाते. तिचंही वय झालंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जन्मभर टोप्या शिवल्या. टोपी होत नाही म्हणून गिऱ्हाईक परत आलं की मी काय सांगत आलो? टोपी आहे तशीच आहे, तुमचं डोकं बघा. आता मी कोणत्या तोंडाने टोपीला दोष देऊ?"

इथे कोणीही विचारेल, की अहो, ती टोपी मुळात बदलायलाच केलेली होती ना? होती. पण हे टोपीवाल्यालाच विचारा. ज्याने उभा जन्म न बदलणाऱ्या टोप्या शिवल्या, त्याचा आपल्या डोक्यापेक्षा टोपीवर विश्वास जास्त. आणि माझा माझ्या काजांवर. त्यामुळे दोघेही नको तिथे शोधत होतो.

शेवटी मास्तर डॉक्टरांकडे गेले. सोबत मी.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी डोकं लहान होतं. दुपारी मोठं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"दुखतं का?"

"नाही. फक्त मोठं होतं. मधे एक दिवस मात्र उलटं झालं, सकाळीच मोठं होतं."

"पाणी किती पिता?"

हे डॉक्टरांनी सहज विचारलं असावं. पण मास्तरांना एकदम उजेड पडला. डोक्यात पाणीच चढतंय! घरी येताच त्यांनी दुपारचं पाणी बंद केलं. संध्याकाळी टोपी तशीच घट्ट, कारण मीच ती घट्ट केलेली. मग त्यांनी सकाळचंही बंद केलं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागे जिन्यावरून वर-खाली करू लागल्या. मास्तरांचा चेहरा उतरला, ओठ सुकले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची मनापासून दया आली. हा माणूस माझ्या टोपीपायी तहानलेला मरायचा.

मॅनेजर यायचे म्हणून त्या सकाळी मास्तरांनी मला नेहमीपेक्षा लवकर टेबलापाशी बोलावलं. डोक्यावर टोपी होती आणि टोपीच्या खाली फक्त नाक दिसत होतं.

"जावईबापू, टोपी तुमची चांगली आहे. डोकंच माझं राहिलं नाही. ज्याला स्वतःचं माप धड सांगता येत नाही त्याने दुसऱ्याचं कापड कापू नये." त्यांनी मोठी कात्री उचलून माझ्या हातात ठेवली. "सांभाळा."

कात्री जड होती. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरलो ती हातात होती आणि मला ती परत टेबलावर ठेवावीशी वाटत होती. गप्प राहिलो तर कात्री माझी. बोललो तर टोपीही गेली आणि कात्रीही. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला अजूनही सांगता येत नाही, कारण तेवढ्यात वरून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, ती टोपी वर पाठव गं. कढई तापलीय, केसांना तळणाचा वास लागतो."

"थांब आई," बायको मशीनजवळून म्हणाली, "आधी मला हवीय. मशीनवरचं सूत झाडायचंय, सगळं केसांत जातं."

"तुम्हा दोघींचं मागून," मेव्हणा धडाधड जिना उतरत आला. त्याच्या एका हातात हेल्मेट होतं. "मी आधी निघणार. टोपीशिवाय हेल्मेट टोचतं. आहे कुठे ती? खुंटीवर नाही."

मास्तर हळूच वळले. त्यांनी नाकावरची टोपी वर केली.

"कोणती टोपी?" त्यांनी विचारलं.

"हीच की," तिघं म्हणाले. सासूबाई तोवर झारा घेऊन खाली आल्या होत्या.

"तू रोज घालतोस?"

"रोज असं नाही," मेव्हणा म्हणाला. "बाहेर जाताना. पण कारखाना सुरू व्हायच्या आत परत जागच्या जागी ठेवतो."

"मीही ठेवते," सासूबाई म्हणाल्या.

"मी तर झटकून ठेवते," बायको म्हणाली.

मास्तरांनी टोपी काढली, मागची घडी उचलली आणि पहिल्यांदाच आत पाहिलं. मग ती मेव्हण्यापुढे धरली. "घाल."

मेव्हण्याचं डोकं म्हणजे लहानपणापासून घरातला काळजीचा विषय. त्याने सराईतपणे बटण शेवटच्या काजात सरकवलं, टोपी फिट बसली. मग सासूबाईंनी अंबाड्यासकट घातली. मग बायकोने बटण अगदी आत घेऊन घातली. ह्याची टोपी त्याला म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहत होतो. प्रत्येक डोक्यावर टोपी अशी शोभली की जणू त्याच डोक्यासाठी कापली होती. एवढ्या गोंधळातही माझी छाती थोडी फुगली.

"हे सकाळचं झालं," मास्तर म्हणाले. "आणि दुपारी?"

 सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी कात्रीकडे पाहत होतो.

"दुपारी मी," मी म्हणालो. "सैल वाटली म्हणून घट्ट करत होतो."

मला वाटलं, आता कात्री हिसकावून घेतात. पण मास्तरांनी आधी सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं. तिथे झारा होता. "पाणी," ते म्हणाले. बायकोने धावत जाऊन तांब्या आणला. मास्तरांनी तो अख्खा संपवला, तोंड पुसलं, दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं आणि लहान मुलासारखे हसले. "साडेबावीस," ते म्हणाले. "साडेबावीसच आहे की." त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

मग त्यांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

"वा!" दारातून आवाज आला. बेकरीचे मॅनेजर. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. "मी सगळं पाहिलं. चार डोकी, एक टोपी. हेच मला हवं होतं." ते आत आले आणि एकदम थबकले. "पण माझ्याकडेही हेच होईल. माझ्या माणसांनी सकाळी एकमेकांच्या टोप्या घातल्या, की दिवसभर बटणं सरकवणार आणि भांडणार. भट्टी कोण बघणार?"

बायकोने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. 

"असं नाही का करता येणार," मॅनेजर विचार करत म्हणाले, "की टोपी हीच, पण प्रत्येकाची वेगळी? म्हणजे ज्याची त्यालाच होईल, दुसऱ्याच्या डोक्यावर राहणारच नाही. असलं काही निघालंय का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण मिशी हलत होती.

"निघालं नाही अजून," ते म्हणाले. "पण आमच्या जावयांचं डोकं अशा गोष्टींत फार चालतं. ते काढतील." आणि त्यांनी मोठी कात्री परत माझ्या हातात दिली.

तेव्हा आता कापणीच्या टेबलावर मी असतो. बेकरीत जाऊन एकेकाच्या डोक्याला टेप लावतो, माप घेतो आणि टोपी कापतो. मॅनेजर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात की ही टोपी खास यांनी शोधून काढली. मी खाली मान घालतो. कोणी फारच खोदून विचारलं, की बुवा, या टोपीत नवीन काय आहे, तर सांगतो, ती एकाच डोक्याला होते.