पोटभर उपवास

आकाराम पिसाळने उपवास धरायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मनात देव नव्हता, डॉक्टर होता.

आकाराम पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाला. गावात आल्यावर लोक त्याला हवालदार म्हणू लागले आणि कराडजवळच्या साखर कारखान्यात गेटवर लागल्यावर जमादार. (नुसतं उभं राहून माणसाला बढती मिळते ती अशी.) काम एकच. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची आणि कुणी साखर घेऊन जात नाही ना ते बघायचं. जेवणाचा डबा, धोतराचा सोगा, सायकलची हवा भरायची नळी, काही म्हणता काही आकारामच्या नजरेतून सुटायचं नाही. एकदा तर त्याने भर गेटात एका म्हाताऱ्याच्या फेट्यातून साखर काढली होती, आणि तो म्हातारा त्याचा सख्खा चुलता होता. चुलत्याने बोलणं टाकलं, पण आकारामची छाती त्या दिवसापासून जी पुढे आली ती आलीच.

हंगाम सुरू होण्याआधी दरसाल पहारेकऱ्यांची तपासणी व्हायची. त्या वर्षी कारखान्याच्या डॉक्टरांनी काचेची नळी उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले,

"जमादार, साखर आहे."

"कुणाकडं, साहेब?" असं म्हणत आकाराम दार अडवायला धावला.

"तुमच्याकडं. तुमच्या लघवीत."

आकारामने नकळत स्वतःचे खिसे चाचपले.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "गोड बंद. भात बंद. रोज चालायचं. आणि आठवड्यातून एक दिवस उपवास करा, पोटाला जरा विश्रांती मिळू द्या. हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायच्या समारंभाआधी मी पुन्हा तपासीन. तेव्हाही अशीच साखर दिसली तर मला 'फिट' लिहिता येणार नाही. गेटवरून तुम्हाला आत कॅन्टीनला टाकतील."

कॅन्टीन! म्हणजे खाकी वर्दी गेली, पितळी बक्कल गेलं, शिट्टी गेली. राहिलं काय, तर कपबश्या. शत्रूच्या गोळीला न भ्यालेला आकाराम कपबशीच्या विचाराने घामाघूम झाला. (त्याची पलटण शत्रूपासून बरीच लांब होती हे खरं, पण गोळी काय, कुठूनही येते.)

बातमी त्याच्या आधी गेटवर पोचली होती. बॉयलरवरचा बिराप्पा सायकलवरून न उतरताच ओरडला,

"ऐकलं का रं गड्यानू? रोज साखर भाईर न्हेनारा आपला जमादारच निघाला, आन झडती आमची!"

त्या दिवशी आकारामने बिराप्पाची झडती घेतली ती अशी की त्याच्या सायकलचं सीट काढायचं तेवढं राहिलं. पण हसू काही सापडलं नाही. ते सगळ्यांनी आपापल्या तोंडात व्यवस्थित बाहेर नेलं.

घरी हरणाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती आकारामची बायको, खटाव भागातली, बटाट्याच्या मुलखातली.

"उपास व्हय? येवढंच ना?" ती म्हणाली. "मग सोमवार धरा मादेवाचा. शनवार मारुतीचा. आन एकादस, चतुर्थी तर घरच्याच हायत्या."

"डाक्टर आठवड्यातनं एक दिस म्हनलंय."

"डाक्टरला काय जातंय! नोकरी तुमची जाईल का त्याची?"

हे आकारामला पटलं. पलटणीतही साहेबाने एक फेरी सांगितली की तो दोन मारायचा. त्याने चहातली साखरही त्याच दिवशी सोडली. बिनसाखरेचा चहा तो हिवतापाच्या औषधासारखा डोळे मिटून प्यायचा आणि पिऊन झाल्यावर हरणाबाईकडे असं बघायचा, की तिला वाटावं ह्यांना आता पदक द्यावं.

पदक नव्हतं, पण बटाटे होते. हरणाबाईचा भाऊ ज्ञानू दरसाल माहेरच्या मळ्यातलं एक पोतं आणून टाकायचा. दिवसभर गेटात उभा राहणारा माणूस उपवास करतोय म्हटल्यावर हरणाबाईचा जीव तुटायला लागला. मग सकाळी बटाट्याचा कीस, तुपात खमंग परतलेला, वर दाण्याचं कूट. दुपारच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि तीत पुन्हा बटाटा. संध्याकाळी, उपवास सोडताना पोटात एकदम अन्न पडू नये म्हणून, थोडी उकडलेली रताळी. एरवी आकाराम दोन भाकरी खाऊन ढेकर द्यायचा. उपवासाच्या दिवशी त्याला ढेकर द्यायलाही जागा राहायची नाही.

डॉक्टरांनी घरी तपासायची युक्ती सांगितली होती, म्हणून कराडच्या औषधाच्या दुकानातून आकारामने निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा आणला. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थोडे थेंब घालायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर कारखाना.

"ती नळी माझ्या चुलीजवळ आनलीसा तर म्या म्हायेरी जाईन," हरणाबाईने आधीच बजावलं. म्हणून प्रयोग गोठ्यात चालायचा. म्हैस मान वळवून बघत राहायची.

पहिल्या उपवासानंतर नळी विटकरी झाली. दुसऱ्यानंतर इतकी विटकरी झाली की तिच्यावर घर बांधता आलं असतं.

"तुपाचा दोष हाय," आकारामने निदान केलं. "तळलेलं नगं. उकडून दे."

हरणाबाईने उकडून दिले. कीस खाताना माणसाचा घास मोजका असतो, उकडलेले बटाटे मात्र मीठ लावून एकामागून एक जातात. नळी विटकरी. मग कुणीतरी सांगितलं की बटाटा चिरून पाण्यात भिजत ठेवला की त्यातलं सत्त्व निघून जातं. हरणाबाईने भिजत ठेवले. पाण्याच्या तळाला पांढरीशुभ्र खळ बसली. ती वाया कशाला घालवायची, म्हणून तिने आकारामच्या खाकी वर्दीला लावली. वर्दी अशी कडक झाली की ती खुंटीवरून खाली पडली तेव्हा उभीच राहिली. नळीचा रंगही आकारामला जरा फिका वाटला, पण त्या दिवशी आभाळ आलं होतं.

अशात ज्ञानू नवीन पोतं घेऊन आला. गोठ्यातली बाटली बघून तो चमकला.

"दाजी, हे तर मोरचूद दिसतंय! बटाट्यावर करपा आला की आमी हेच मारतोय."

"मारा की मग," आकाराम उसासून म्हणाला. "माझ्या आतबी बटाटंच हायती."

सगळी हकिकत ऐकून ज्ञानू बराच वेळ तंबाखू चोळत बसला. मग म्हणाला, "तुमी बटाटा पान्यात शिजवताय, तितंच चुकतंय. आवं, काहील करपली की गूळ कडू हुतोय का न्हाई? म्हंजी गोडी जाळल्याबिगर जात न्हाई. बटाटा आरात भाजून खावा. साखर जळून जाती."

गूळ करणाऱ्या मुलखात यापुढे शास्त्र ते कुठलं राहिलं! त्या शनिवारी हरणाबाईने चुलीतल्या आरात बटाटे पुरले, साल काळी होईपर्यंत भाजले, आणि आकारामने तोंडाला राखेची मिशी येईपर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात नळी उकळली.

निळी!

आकारामने पुन्हा उकळली. निळी. त्याने टाचा जुळवल्या आणि नळीला सलाम ठोकला. म्हैस दचकून उठली.

त्यानंतर आकारामने बटाटे वाढवून बघितले, निळी. लोणी लावून बघितले, निळी. हळूहळू उपवास नसलेल्या दिवशीही भाकरी मागे पडली. वर्दीचं पोटावरचं बटण तुटलं, ते हरणाबाईने कडेला सरकवून लावलं.

"साखर उतरली की अंग धरतंय मानूस," ती समाधानाने म्हणाली. मात्र नळीचा विषय निघाला की तिला चुलीवर काहीतरी आठवायचं आणि ती उठून आत जायची.

गेटवर आता झडतीबरोबर उपदेशही मिळू लागला. "डब्यात काय हाय? उकडल्याला बटाटा? आरं, मरशील! आरात भाज!" बिराप्पाच्या आईला साखरेचा त्रास होता. तोही एकदा सायकलवरून उतरून, टोपी काढून, आर कशाचा चांगला, बाभळीचा का शेणीचा, हे विचारून गेला.

तपासणी सोमवारी आली आणि आदल्या दिवशी रविवारी एकादशी. देवाच्या मनातही पास करायचंच होतं.

"उद्या परीक्षा हाय," हरणाबाई ताट पुढे सरकवत म्हणाली, "आज पोटभर उपास करा."

सोमवारी सकाळी ती स्वतः डबा घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळी, हिरवी, पिवळी... आणि विटकरी.

"साहेब," आकाराम शांतपणे म्हणाला, "तुमचं औषध बिघडल्यालं दिसतंय."

डॉक्टरांनी दुसरी बाटली फोडली. विटकरी. मग त्यांनी आकारामला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून पुसला.

"जमादार, उपवास करता ना?"

"सोमवार, शनवार, एकादस, चतुर्थी. एक चुकिवला न्हाई, साहेब."

"आणि तरी वजन वाढलं?" डॉक्टरांचा आवाज उतरला. "मग काहीतरी मोठं दिसतंय. मिरजेला न्यावं लागेल. उपाशी माणसाच्या अंगात एवढी साखर येते कुठून?"

आकाराम काट्यावरून उतरायचं विसरला. कॅन्टीनसुद्धा आता त्याला लांब आणि गोड वाटायला लागलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली हरणाबाई पदर खोचून पुढे आली.

"कोन उपाशी? डाक्टर, असं चार लोकांत बोलू नगा! ह्यांला माझ्या घरात म्या एक दिस उपाशी ठिवल्यालं न्हाई." आणि पुरावा म्हणून तिने डबा उघडून टेबलावर मांडला. वरच्या पुडात खिचडी, मधल्या पुडात रताळी, खालच्या पुडात भाजलेले बटाटे, लोण्यासकट.

"हे कुणाचं?"

"ह्यांचं. उपासाचं."

डॉक्टर खुर्चीत बसले. "अहो बाई, उपवास म्हणजे काही खायचं नाही!"

"त्याला उपाशी म्हनत्यात, डाक्टर," हरणाबाई त्यांना समजावून सांगू लागली. "उपास येगळा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तळा, उकडा, नाहीतर भाजा. बटाटा पोटात गेला की त्याची साखरच होते. लोणी-तूप घातलंत की वर चरबी. उकडून गार केलेला एखादा, पालेभाजीबरोबर, भाकरीच्या ऐवजी खाल्ला तर मी काही म्हणणार नाही. पण हे तर पोतं आहे!"

"पर साहेब, आरातल्या बटाट्यानं माझी नळी निळी येती! रोज येती!"

हरणाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं.

"ती बाटली," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "गोठा झाडताना लवंडली. ज्ञानू आलता तवा."

"मग आत काय हुतं?"

"नीळ. धोतराची. तुमी वरडशीला म्हनून कालवून ठिवली. आन मग तुमी त्या नळीला सलाम केलासा... तवा माझ्यानं सांगवंना."

मग डॉक्टर हसायला लागले ते टेबलावर डोकं टेकूनच. त्यामुळेच असेल, त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. मोळीच्या आदल्या दिवशी पुन्हा या म्हणाले. तोवर भाकरी, पालेभाजी, उसळ, आणि रोज कालव्यापर्यंत चालत जाऊन यायचं.

"आन मादेव?" हरणाबाईने विचारलं.

"त्यांना सांगा, डॉक्टरांनी सुटी दिलीय."

आकाराम चालला. भाकरी मोजून खाल्ली. घरात बटाट्याचं नाव निघालं नाही. मोळीच्या आदल्या दिवशी दवाखान्यातली नळी निळी होती, कडेला जराशी हिरवट. डॉक्टरांनी 'फिट' असं लिहिलं. आकारामने तो कागद टोपीत ठेवला आणि टोपी दोन्ही हातांनी धरून घरी आला.

खरी अडचण पुढेच होती. बिराप्पाला त्याने बाजूला घेऊन सांगितलं, "म्हातारीला बटाटा दिऊ नगंस गड्या. ते सगळं चुकीचं हुतं."

बिराप्पा डोळा मिचकावून हसला. "व्हय, आता तुमचं गेट राखून झालं! औषध लपिवताय व्हय, जमादार?"

आकारामने शेवटी धोतराच्या निळीची गोष्ट सांगितली. ती तर कुणालाच खरी वाटली नाही. उलट संध्याकाळी चार कामगारांनी त्याच्या दारात एक पोतं आणून ठेवलं, वर झेंडूचा हार. ज्या जमादाराने साखरेला गेटात अडवलं, त्याचा सत्कार म्हणून. आकारामने सवयीने पोत्यात हात घातला. बटाटे.

त्याने एक बटाटा काढून हातात फिरवून बघितला. मग हळूच म्हणाला, "उद्या चतुर्थी हाय न्हवं का?"

"हाय की," हरणाबाई पोतं ओढत आत नेत म्हणाली. "पर ह्याची म्या खळ काढनार. मोळीला तुमची वर्दी कडक पायजे. बटाटा तुमच्या अंगात नगं, अंगावर असू द्या."

मोळीच्या दिवशी फुलांनी मढवलेल्या गेटातून चेअरमनसाहेबांची जीप आत आली. आकारामने टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला, असा कडक की बाजूचा पहारेकरी दोन पावलं सरकला. जीप थांबली नाही. मागून संचालकांच्या गाड्या गेल्या, त्यांच्या मागून उसाची पहिली बैलगाडी गेली, तिच्यामागून शेपटी उडवत एक गोऱ्हा गेला. आकारामचा हात अजून कपाळालाच. कोपराशी वाळलेली खळ काही मोडेना.

"जमादार," बिराप्पा सायकल हातात धरून आदराने म्हणाला, "आता सोडा की हात. बैलं बी लाजून गेली."