इंद्रभानच्या तेरवीला आडवा

सोमवारी सकाळी फिल्मवाल्यांची जीप उंद्रीत शिरली आणि इंद्रभानच्या दारातला मांडव पाहून तुळशीराम जागेवरून अर्धा उठला. पाहुण्यांना आणायला तो आदल्या दिवशीच चिखलीला जाऊन राहिला होता. तो निघाला तेव्हा या दारात काहीच नव्हतं.

"वा! आमच्या स्वागताला मांडव?" मुंबईचे दिग्दर्शक खूश झाले.

"तेरवी हाय," तुळशीराम कसाबसा म्हणाला. "इंद्रभानची."

साहेबांनी जीप तिथंच थांबवली. कारण त्यांची फिल्म होती तीच मुळी तेरव्या मोडणाऱ्यांवर. पस्तीस वर्षांपूर्वी इंद्रभान आणि तुळशीराम या दोन पोरांनी शेंड्या कापल्या, आपापली लग्नं भटजीवाचून लावली, आणि कुठं मेलेल्याच्या तेराव्या दिवसाचं गावजेवण असलं की दोघं मांडवाच्या दारात आडवे पडायचे. निजलेल्या माणसाला ओलांडलं तर त्याचं आयुष्य घटतं, ही समजूत इतकी पक्की की पंगत उपाशी परत जायची. लोकांनी शेण मारलं, शिव्या घातल्या, पण ओलांडलं कोणी नाही. एका अंधश्रद्धेच्या जोरावर आपण दुसरी मोडतोय, हे त्या वयात दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दोघांचा एक करार होता. मागं राहील त्यानं पुढं जाणाऱ्याची तेरवी होऊ द्यायची नाही. फिल्मसाठी कधी यावं असं विचारणारं मुंबईचं पत्र आलं ते इंद्रभान गेल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि तुळशीरामनं उलटटपाली हा सोमवार कळवला. मेल्याचे दिवस मोजायचे नाहीत हा त्याचा जन्माचा बाणा, त्यामुळे सोमवारी तेरावा पडतो हे त्याला कळलंच नाही. गावाला कळलं होतं, पण त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

इंद्रभानचा मुलगा किसन दारातच उभा होता.

"किसन, बंद कर हे! तुह्या बापाले शब्द देला हाय म्या."

"काका, तीनशे मानूस बोलावलं. सैपाक होऊन राह्यला. आता कसा बंद करू?"

"मंग मी पडतो दारात."

साहेबांचे डोळे चमकले. "पडा, पडा! आम्हाला अगदी हेच हवं होतं!"

साठीचे गुडघे वाकेनात. शेवटी आडवं पडायला किसननंच हात दिला.

कॅमेरा लागला. साहेबांनी जमलेल्या मंडळींना समजावलं, "तुम्ही यायचं, यांना पाहायचं आणि मान खाली घालून परत फिरायचं." मंडळी मोठ्या हौसेनं परत फिरली. शेजारच्या रुखमाबाईनं तर डोळ्याला पदर लावला. एक सोयरा कॅमेऱ्याकडे पाहून हसला म्हणून मंडळी पुन्हा फिरली, साहेबांना ऊन पटलं नाही म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तुळशीरामला खरंच वाटलं, आपण जिंकलो.

"झालं! आता सगळे जेवून घ्या," साहेब म्हणाले.

तीनशे माणसं दाराकडे वळली. तुळशीराम हलला नाही.

"उठा ना काका, फिल्म झाली," किसन म्हणाला.

"फिल्मचं नाही बे! मी खराच पडलो हाय!"

पहिला माणूस जरा बिचकला, मग धोतर सावरून त्यानं पाय पलीकडे टाकला. "नाटकातलं ओलांडनं लागत नाही," असं कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्यांचंच समाधान झालं. वहाणांची धूळ तुळशीरामच्या तोंडावर पडत राहिली. पस्तीस वर्षांत गाव सुधारलं होतं, आणि त्या सुधारणेचा पहिला फायदा त्याच्याच अंगावरून घेत होतं.

एकटी जनकाबाई ओलांडेना. इंद्रभानची बायको ती. ती तुळशीरामच्या उशाशी येऊन बसली.

"भाऊजी, उठा. हे तेरवी त्याइनंच सांगतली."

"कोनं?"

"त्याइनंच. जायच्या चार दिस आधी. म्हने, बुंदी कर, साऱ्या गावाले बोलाव. मी इतक्या लोकाइच्या तेरव्या मोडल्या, माह्या दारात कोनी येनार नाही, म्हनून रडत."

तुळशीराम धडपडत कोपरावर उठला. "मंग मले काऊन नाही सांगतलं? रोज त्याच्यापाशी येऊन बसो मी!"

जनकाबाईनं पदरानं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"तुमचा भेव वाटे त्याइले."

तुळशीराम पुन्हा खाली पडला. या वेळी कोणाला अडवायला नाही, अंगातलं बळच गेलं म्हणून. शेवटी त्यानं हात पुढं केला, जनकाबाईनं तो धरून त्याला उठवलं आणि पंगतीत नेलं. लोकांनी सरकून जागा दिली. जन्मात पहिल्यांदा तो तेरवीच्या पत्रावळीवर बसला, बुंदीचा घास घेतला, आणि इंद्रभान गेल्यापासून अडलेलं रडू त्याला तिथं आलं. तो घास हातात धरून पोरासारखा रडला.

फिल्ममध्ये ते आलं नाही. साहेब आणि कॅमेरावाले पलीकडच्या पंगतीत बसून बुंदी पुन्हा मागत होते.