नेल्सचा पांढरा झगा आणि थोडंसंच दूध

मुलांनो, जरा असं समजा, की तुमच्या हातात काठोकाठ भरलेला दुधाचा पेला आहे. पेल्याला झाकण नाही. शिवाय हा पेला हातपाय झाडतो, खुदकन हसतो आणि मध्येच शिंकतो. आता तो घेऊन तुम्हाला चर्चमध्ये तासभर बसायचंय, आणि त्याच्या अंगातल्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर एक थेंब सांडता कामा नये. जमेल?

हाल्वर आजोबांना वाटलं, त्यात काय मोठंसं!

हा पेला म्हणजे त्यांचा दोन महिन्यांचा नातू, नेल्स. दूध प्यायला की गुळणी, हा त्याचा नेम. त्याच्या आईच्या, म्हणजे कारिनच्या, एकाही कपड्याचा खांदा कोरडा राहिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, की पोरगं खेळतंय, वजन वाढतंय, घाबरायचं काही नाही. पोटाच्या तोंडाचं झाकण अजून कच्चं आहे, वाढत्या वयाबरोबर घट्ट होईल. तोवर एका वेळी थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा आणि उगाच हलवू-झुलवू नका.

आता त्या रविवारी नेल्सचा बाप्तिस्मा होता, आणि झगा होता आर्डिस आजींच्या ताब्यात. आर्डिस आजी म्हणजे हाल्वर आजोबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. लेसचा तो लांब झगा घरातल्या प्रत्येक बाळानं घातलेला. आजींनी पेटीतून तो काढला आणि बजावलं, "चार पिढ्यांत यावर डाग पडलेला नाही. आज पडला, तर झगा संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात जाईल. पुढच्या बाळांनी तो काचेतूनच बघावा."

कारिनचा चेहरा उतरला. आजोबांनी छाती पुढे काढली. "अगं, चाळीस वर्षं वासरांना बाटलीनं दूध पाजलंय. एकानंही माझ्या अंगावर गुळणी टाकली नाही."

"बाबा, वासराच्या पोटात चार कप्पे असतात."

"मग याच्या पोटात एकच. काम चौपट सोपं!"

आजोबांची तयारी मात्र चोख होती. सात वर्षांच्या नातीला, म्हणजे नेल्सच्या ताईला, सिग्नेला, त्यांनी वही-पेन्सिल दिली आणि सांगितलं, बाळाला कोण, कधी, किती पाजतं ते सगळं लिहायचं. बरोबर नऊ वाजता कारिननं पाजलं. आजोबांनी नेल्सला खांद्याशी उभं धरून अर्धा तास अंगणात फेऱ्या मारल्या. दोन खणखणीत ढेकर निघाले. साडेनऊला झगा चढला, आणि चर्च तर रस्त्यापलीकडेच. सगळं कसं घड्याळाबरहुकूम!

चर्चच्या तळघरात प्रार्थनेआधीची कॉफी चालू होती. तेवढ्यात पाद्रीबुवांनी टेबलं हलवायला आजोबांना हाक मारली. विस्कॉन्सिनच्या त्या गावात टेबल हलवायला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. आजोबांनी बाळ आणि बाटलीची पिशवी शेजारच्या आर्लीनबाईंकडे दिली आणि बाह्या सरसावल्या.

पंधरा मिनिटांनी परत आले, तर नेल्स तिसऱ्याच बाईंच्या मांडीवर मूठ चोखत होता. आता, बोट चोखणारं वासरू भुकेलं असतं, हा गोठ्यातला पहिला धडा. बाळं नुसती मजेखातरही मूठ चोखतात, हा धडा गोठ्यात शिकवत नाहीत. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यात गेले आणि हळूच बाटली काढली. बाटली हाताला हलकी लागली. गळत असेल, म्हणाले, आणि उरलंसुरलं पाजून टाकलं. सिग्ने शेजारी उभीच होती.

प्रार्थना सुरू झाली. पाद्रीबुवांनी बाळाला घेतलं. पहिल्या बाकावर आर्डिस आजी झग्यावर नजर रोखून बसल्या होत्या. आजोबांनी सहज म्हणून सिग्नेची वही उघडली.

९ — आई — पोटभर. ढेकर दोन.
९.३५ — आर्लीनबाई — थोडंसं.
९.४० — त्यांची बहीण — थोडंसं.
९.४५ — ऑर्गनवाल्या बाई — थोडंसं.
९.५० — आजोबा — थोडंसं. आईला सांगू नको म्हणाले.

आजोबा सिग्नेकडे वळले. "अगं, बोलली का नाहीस?" ते कुजबुजले.

"तुम्ही लिहायला सांगितलं होतं. बोलायला नाही."

समोर पाद्रीबुवांनी नेल्सला हातावर आडवं केलं. नेल्सनं हसणं थांबवलं आणि ओठांचा गोल चंबू केला. तो चंबू आजोबा चांगला ओळखत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस बाकावरून असा सुटला, जसा दार उघडं दिसल्यावर वळू सुटतो.

"पाद्रीबुवा, पाणी घाला, पण उभ्यानं," असं म्हणत त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं. पाद्रीबुवा भले गृहस्थ. त्यांनी काही न विचारता बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं आणि तिसऱ्यांदा 'आमेन' म्हटलं.

आणि नेल्सनं ते सगळं 'थोडंसं' एकदम परत केलं! कॉलरमधून आत, नव्या काळ्या कोटाच्या पाठीवरून थेट कमरेपर्यंत.

आर्डिस आजी उठल्या. काठी टेकत आल्या, झगा बाहीपासून घेरापर्यंत तपासला. कोरडा ठणठणीत. मग त्यांनी घेराची दुमड उलटी केली. आत नाण्याएवढा पिवळट डाग होता.

"हा तुझा, हाल्वर," त्या म्हणाल्या.

"तू तर म्हणत होतीस, एकही डाग नाही!"

"मी तेव्हा आठ वर्षांची होते. आईनं बजावलं होतं, आता त्याला पाजू नकोस. पण तू मूठ चोखत होतास." आजींनी नजर जमिनीकडे वळवली. "मी थोडंसंच पाजलं होतं. मग आईला न सांगता दुमड घातली."

आजोबांच्या पाठीवरून दूध ओघळत होतं, तरी ते हसू लागले. कारिनही हसली. आजी म्हणाल्या, काचेचं कपाट राहू दे, पुढचं बाळ येईल तेव्हा लागेल झगा.

सिग्नेनं वहीत लिहिलं, 'आजोबांचा कोट — भरपूर.' मग पान उलटून अगदी पहिल्या ओळीच्याही वर, कोऱ्या जागेत, 'आर्डिस आजी — थोडंसं' असं लिहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं,

"आजी, तेव्हा किती वाजले होते?"