शिकलेले कोळसे

कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या बोकडाचं, जेवण झालं की लोक हात धुतात, पान लावतात आणि घरी राहिलेल्यांसाठी डब्यात रस्सा मागून घेतात. आमचे सोपानआण्णा डबा घेऊन सरळ चुलाणाकडे जातात. यजमान मागून हाका मारतो, “आण्णा, रस्सा हिकडं हाय!” आण्णा मान न वळवता सांगतात, “रस्सा तुमी खावा. मी चुलीत काय र्‍हायलंय तेवढं बघतो.” आणि तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात विझत आलेले निखारे भरून, मटणाला लोक जपत नाहीत इतकं जपत घरी आणतात.

आष्टीत त्यांची आणि माझी भिंत एक आहे. मी इथल्या एका कॉलेजात क्लार्क आहे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. दारावरच्या पाटीवर नावापुढं तसं लिहिलंय आणि त्याचा मला बिलकूल संकोच नाही. आण्णांनी राहायला आले त्या दिवशी ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि तेव्हापासून माझं नाव टाकून दिलं. “ए बीए, हाईस का घरात?” अशी हाक येते. बायकोला “बीएची सून” म्हणतात. ती कशी काय माझी सून, हे विचारायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

आण्णांची जिंदगी शेरडा-मेंढरांमागं गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा शेरडं विकून त्यांनी हा दोन खोल्यांचा पसारा केला. काकू त्याआधीच गेल्या होत्या. एकुलता दत्ता चाकणला कंपनीत. म्हणजे आण्णांच्या घरात माणूस एक आणि कोळशाचे डबे मात्र मोजायच्या पलीकडं.

लग्नसराईत तर विचारू नका. तंदुरी रोटीची भट्टी दिसली की आण्णा तिच्या अंगाला चिकटून उभे. मागच्या खेपेला एका लग्नात धुरानं त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले, नेमकी नवरी निघायची वेळ. नवरीच्या बापाला वाटलं, नवर्‍याकडचा कुणी हळवा चुलता दिसतोय. त्यानं येऊन गच्च मिठी मारली, “पोरीला संभाळा हो!” आण्णाही रडत म्हणाले, “लेकरावानी संभाळतो.” बाप गेल्यावर मला हळूच म्हणतात, “बीए, ही मंडळी कुठली हायत बे?”

सुरुवातीला आण्णा आणलेल्या निखार्‍यांवर पाणी ओतायचे आणि मग ते आमच्या सामाईक पत्र्यावर वाळत घालायचे. एकदा चैतात तिथंच शेजारी आमच्या कुरडया वाळत होत्या. वारं सुटलं. पांढर्‍याशुभ्र कुरडयांवर काळे काळे ठिपके. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आण्णा, आमच्या कुरडयांना तीट लावली व्हय तुमी?”

“लई गोर्‍या दिसत व्हत्या,” आण्णा म्हणाले.

त्या वर्षी आम्ही ठिपक्यांच्या कुरडया खाल्ल्या. मग मीच त्यांना सांगितलं, पाणी कशाला ओतता, डब्याला घट्ट झाकण लावा, हवा बंद झाली की निखारा कोरडाच विझतो. आण्णांनी करून बघितलं आणि सकाळी डबा घेऊन माझ्या दारात. “खरंय रे! ह्ये कुण्या पुस्तकात हाय?” पुढं आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते, “आमच्या बीएनं काढलं हुडकून.”

आण्णांच्या लेखी कोळशाच्या दोन जाती. दुकानातून आणलेला कोरा कोळसा तो अडाणी. एकदा जळून आलेला, तो शिकलेला. “अडाण्याला किती बी फुका, नुसता धूर करतो. शिकलेला कसा, काडी दावली की वळखतो.” पण नुसत्या शिकलेल्यांचंही ते काही खरं मानत नाहीत. “लवकर पेटत्यात आन लवकर दमत्यात. तुझ्यासारखे.” म्हणून ज्वारीच्या चाळणीनं आधी राख झाडून टाकायची, कारण राख राहिली की खालून वारं शिरत नाही. मग शिकलेले खाली, अडाणी वर. खालच्यांनी वरच्यांना शिकवायचं. परसात ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी रिंग आहे, तिच्यात ही शाळा भरते. वर लोखंडी जाळी. पुठ्ठ्यानं चार वारे घातले की जाळीवर हात धरवत नाही, एवढी आच. वांगं टाका, कणीस टाका, मटणाच्या सळया टाका. बोलता बोलता तयार.

“एवढी घाई कावून, आण्णा?” एकदा मी विचारलं. “तुम्हाला कुठं जायचंय?”

“मला कुठं जायचंय,” आण्णा म्हणाले. “येणाराला जायचं असतंय.”

मग कळलं. दोन दिवाळ्यांमागं दत्ता बायको-पोरीला घेऊन आला होता. आण्णांनी सकाळीच मटण आणून दही-लसणाच्या वाटणात घालून ठेवलेलं. पण कोळसा सगळा दुकानचा, त्यात सादळलेला. फुंकून फुंकून आण्णांच्या छातीचा भाता झाला, परसात धूरच धूर. दत्ता दोनदा घड्याळ बघून म्हणाला, “आण्णा, र्‍हाऊ द्या आता. नगरच्या पुढं खातो आमी कायतरी.” गाडी वळणाआड गेली आणि मग कोळसे लाल झाले. त्या दिवशी ते मटण आमच्या घरी आलं होतं. आम्ही आवडीनं खाल्लं, कुणासाठी केलेलं ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून हे डबे. पोरगं पुन्हा आलं तर विस्तवानं दगा द्यायला नको, उपाशी जायला नको. बाकी आण्णांचं काही मागणं नव्हतं.

यंदा शाळांना सुट्ट्या लागल्यावर एका रविवारी, आदल्या दिवशी फोन करून, दत्ता बायको-पोरीला घेऊन आला. उतरता उतरताच म्हणाला, “दुपारपर्यंत निघावं लागंल, आण्णा.” आण्णांनी मला भिंतीवरून हाक मारली. आवाज असा, की मी चप्पल न घालताच गेलो.

विस्तव मात्र आण्णांच्या शब्दाला जागला. काडी लावली, पुठ्ठा हलवला, आणि दत्ताची बायको पाणी पिऊन भांडं ठेवते तोवर रिंग लालभडक. सळया चढल्या. चरबीचा थेंब पडला की भडका उठायचा आणि दत्ताची लेक टाळ्या वाजवायची. पोरीनं पोटभर खाल्लं, सुनेनं मागून घेतलं. दत्ता बोटं चाटत म्हणाला, “झकास, आण्णा!” आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही माझाच निकाल लागलाय.

दत्ता हात धुऊन आला. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. त्यानं घड्याळ बघितलं. “बरं झालं, लवकर उरकलं. निघतो आता आरामात.”

आण्णांचा हातातला पुठ्ठा थांबला. मी हे बघितलं. दीड वर्ष राबून माणसानं गाडी लवकर सुटायची सोय केली होती.

आण्णा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात बोकडाची अख्खी मांड होती, मसाला लावलेली. कधी आणून ठेवली होती, देव जाणे. त्यांनी जाळी काढली, निखारे फोडून लांब लांब केले, मांड केळीच्या पानांत गुंडाळून मधोमध ठेवली आणि चाळून टाकलेल्या राखेची पाटी ओढून वरून राख ओतायला लागले.

“ह्ये काय आणि, आण्णा?” दत्तानं विचारलं.

“मांड हाय,” आण्णा खालमानेनं म्हणाले. “हिला मंद लागतंय. येळ लागतो.”

“किती?”

“लागतो जरा.”

सून नवर्‍याकडं बघायला लागली. मी उगाच लिंबाच्या झाडाकडं. दत्ता धनगराचंच पोरगं. मांडीचे तुकडे करून सळईवर लावले की घटकेत होतात, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्यानं बापाच्या पाठीकडं बघितलं. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून बायकोच्या हातात दिलं, पँट गुडघ्यापर्यंत ओढली आणि बापाशेजारी उकिडवा बसला.

“आण्णा,” तो म्हणाला, “ह्या अंगाला अजून लाल दिसतंय. आणखी राख टाका.”