काळी पाचचा खुलासा

फ्रेंच हॉर्न, एक नग. फ्रान्स पाहिलेला नाही.

कॉर्नेट, कागदावर पेटीची सफेद एक, कानाला काळी पाच.

शनिवारी दहाला दफन.

अर्ज तीन प्रतींत.

वावाउ बेटावरच्या चर्च-बँडचे मास्तर लिसिआते कमरेला शोकाची चटई गुंडाळून वाद्यवादन परवाना कक्षात उभे होते. आईच्या दफनाला तिचं आवडतं स्तोत्र वाजवायचं, एवढंच मागणं होतं.

"मास्तर, तुमचा कॉर्नेट खोटं बोलतो." कक्षाच्या अधिकारी कालोलाइनेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लिहिलंय एक, वाजतंय भलतंच. ही दस्तऐवजी तफावत आहे."

"बाई, कॉर्नेटची जातच तशी. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहितात, म्हणून तर सगळी एका सुरात येतात."

"म्हणजे संगनमत!" बाईंनी नोंद केली. "आणि हा फ्रेंच? ह्याचा पासपोर्ट?"

"अहो, चाळीस वर्षं माझ्या मेहुण्याच्या माळ्यावर असतो तो!"

"म्हणजे मुदत संपूनही राहिलाय."

हॉर्नचं नाव बदलून 'वाटोळं वाद्य, स्थानिक' असं करण्यात आलं. वाजवणाऱ्या मेहुण्याने हरकत घेतली; ती विहित नमुन्यात नव्हती. शुक्रवारी आदेश निघाला: याला एक कागद, त्याला दुसरा, हा पक्षपात होय. सर्व वाद्यांनी कॉर्नेटचाच कागद जसाच्या तसा वाजवावा. अन्यथा दफन बँडविना.

बँडविना आईला निरोप? लिसिआतेंनी सही केली.

शनिवारी कॉर्नेट काळी पाचवरून निघाले, आल्टो हॉर्न काळी दोनवरून, वाटोळं वाद्य सफेद चारवरून. एकच स्तोत्र तीन वाटांनी कबरीकडे निघालं आणि पोचलं एकाही वाटेने नाही. कुंपणापाशी लोळणारी डुकरं उठून निघून गेली. त्यांना आदेश लागू नव्हता.

"बेसूर आहे की हो," मेहुणा हॉर्नआडून पुटपुटला.

"गप! मंजूर आहे," मागून कुणीतरी दटावलं.

कालोलाइनेबाई प्रत्येकाच्या खांद्यावरून कागद तपासत गेल्या. तफावत शून्य. मग जमलेल्यांनीही शिक्का नीट पाहून घेतला आणि माना डोलावल्या. लिसिआतेंनी कॉर्नेट ओठांवरून काढला नाही. काढला असता तर रडू फुटलं असतं, आणि रडण्याचा सूर अर्जात नमूद नव्हता.

मान न डोलावणारं कुणी हजेरीपटात सापडलं नाही. तुमची सही चौथ्या ओळीत आहे.

लिसिआतेंना कॉर्नेट आईनेच शिकवला होता. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं.